मिगकाका

"त्यात काय अवघड आहे?" असं मिगकाका म्हणाले की काकू आधी ओट्यावरचं दूध उचलून फ्रिजमध्ये ठेवतात आणि मग पदर खोचतात. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना एक पक्कं कळलेलं आहे. काका एखादं काम अवघड म्हणाले तर ते एकटेच गुपचूप करून मोकळे होतात. सोपं म्हणाले तर मात्र अख्खं घर कामाला लागतं, आणि घर पुरलं नाही तर शेजार.

शेजार म्हणजे आम्ही.

काका ओझरच्या विमान कारखान्यात होते. नाशिकजवळचा हा कारखाना 1964 साली सोव्हिएत मदतीने मिग विमानं बांधायला उभा राहिला आणि निफाड तालुक्यातल्या कांदा-द्राक्षांच्या घरांतली कितीतरी पोरं तिथे मायक्रोमीटर धरायला शिकली. काका त्यांतलेच. सत्तरच्या दशकात अॅप्रेंटिस म्हणून चिकटले आणि तपासणी विभागातून निवृत्त झाले. निवृत्त झाले असं पेन्शनच्या कागदावर आहे. तपासणी चालूच आहे. शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी असते. शर्ट नसेल तर ती बनियनमध्ये खोचलेली असते. लिफ्टच्या दाराची फट, दूधवाल्याचं माप, गणपतीच्या मखराचा काटकोन, काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. सोसायटीतली पोरं वयाच्या हिशेबाने त्यांची नातवंडं शोभतील, पण तीही 'मिगकाका'च म्हणतात. 'मिगआजोबा' म्हटलं की विमान उडेलसं वाटत नाही.

ही माणसं फक्त नाशकात असतात असं नाही. खडकीला दारूगोळ्याच्या फॅक्टरीत, अंबरनाथला, परळच्या रेल्वे वर्कशॉपात उभा जन्म गेलेले असे काका महाराष्ट्रात जागोजागी सापडतील. त्यांच्या लेखी कोणतंही काम सोपं असतं, फक्त त्याचं ड्रॉइंग हवं. ड्रॉइंग असलं की डोकं चालवायचं कारण नाही, सांगितलंय तेवढं करायचं. ड्रॉइंग कोणी केलं, त्याआधी किती माल भंगारात गेला, त्यापायी कोणाच्या रात्री जागून गेल्या, हे सगळं मागच्या पाळीतलं. म्हणून काकांच्या तोंडचं 'सोपं' ऐकताना मी नेहमी विचारते, कोणाला?

छापील पाककृतींतही हाच प्रकार असतो. 'बारीक चिरलेला कांदा, एक वाटी.' तो आपोआप चिरून वाटीत येऊन बसलेला असतो. आमच्या मजल्यावर तो काकू चिरतात.

आता काकांच्या खिम्याच्या गोळ्यांकडे येते.

आमचा धाकटा त्या वेळी वरण-भात, नूडल्स आणि बटाटा या तीन खांबांवर उभा होता. पोह्यांतली कोथिंबीर तो एकेक पान वेचून ताटाच्या कडेला रचायचा. मी जिन्यात काकूंना सहज म्हटलं, "काकू, पोरांना आवडेल असं सोपंसं काही सांगा ना, पोटात जरा मटण-चिकन जाईल असं." प्रश्न काकूंना होता. उत्तर आतून आलं.

"तेफ्तेली! त्यात काय अवघड आहे?"

काकूंनी माझ्याकडे जी नजर टाकली ती अजून माझ्या लक्षात आहे.

तर ही तेफ्तेली म्हणजे खिम्यात तांदूळ मिसळून वळलेले आणि टोमॅटोच्या रश्श्यात शिजवलेले गोळे. काकांना ते भेटले मॉस्कोत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कारखान्याने त्यांना प्रशिक्षणाला पाठवलं, तेही ऐन थंडीत. आईने बांधून दिलेलं मेतकूट आणि काळा मसाला पुरवून पुरवून किती पुरणार? दोन्ही संपल्यावर 'स्टोलोवाया', म्हणजे तिथलं कँटीन, एवढाच आधार उरला. काळा पाव, कोबीचं सूप, सुकवलेल्या फळांचं कोमट सरबत आणि ताटलीत दोन गोळे. काका म्हणतात, पहिला घास घेतला आणि आत भाताचं शीत लागलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. दोन महिन्यांत भाताचं ते पहिलं दर्शन. कँटीनवालीला मराठी येत नव्हतं, यांचं रशियन 'स्पासिबा'पुढे गेलेलं नव्हतं. पण खिसा-पट्टी जवळ होती. त्यांनी गोळा मापला आणि कागदी रुमालावर ड्रॉइंग काढून बाईंपुढे धरलं. बाईंनी पेन्सिल घेऊन त्यात तांदळाचे दाणे काढले. दोन देशांमधलं तंत्रज्ञानाचं हस्तांतरण असं झालं.

तांदूळ कशाला, तर खिमा पुरत नाही म्हणून. मांस थोडं आणि खाणारी तोंडं जास्त, की कोणत्याही देशातली बाई त्यात धान्य कालवते. त्यातही दोन तऱ्हा आहेत. तांदूळ आधी शिजवून घातला तर गोळा गुळगुळीत होतो. कच्चा घातला तर शिजताना दाणे फुगून बाहेर डोकावतात आणि गोळ्याला काटे फुटतात. रशियन पोरं त्याला काटेरी प्राण्याच्या नावाने ओळखतात. अमेरिकेत 1930च्या मंदीत घरोघरी हाच गोळा होत होता आणि गंमत म्हणजे तिथेही त्याला काटेरी प्राण्याचंच, साळिंदराचं, नाव पडलं. पुढे हे दोन्ही देश एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसले तेव्हा त्यांचं निदान एका पदार्थावर एकमत होतं, हे त्यांना कोणी सांगायला हवं होतं. आमच्या सोसायटीतल्या पोरांनी त्याला 'काटेगोळे' म्हणून टाकलं आणि विषय संपवला.

काका मात्र विषय संपवत नाहीत. गोळे शिजेपर्यंत ते मिकोयान बंधूंची कथा लावतात. ती ऐकण्यासारखी आहे, पहिल्या खेपेला तरी. मिग या नावातला 'मि' म्हणजे अर्तेम मिकोयान, विमानांचा आराखडा करणारा. 'ग' म्हणजे त्याचा जोडीदार गुरेविच. अर्तेम हा आर्मेनियातल्या सनाहिन गावच्या एका सुताराचा धाकटा मुलगा. थोरला अनास्तास, तो स्टालिनच्या सरकारात अन्नखात्याचा मंत्री. 1936 साली हा अनास्तास अमेरिकेत जाऊन तिथले आइस्क्रीमचे आणि हॅम्बर्गरचे कारखाने बघून आला. मग मॉस्कोत यंत्रावर थापलेली स्वस्त कटलेटं निघाली, लोक त्यांना मिकोयानची कटलेटं म्हणायला लागले. 1939 साली त्याच्याच खात्याच्या आशीर्वादाने सोव्हिएत गृहिणींसाठी स्वयंपाकाचं जाडजूड पुस्तक निघालं. "म्हणजे बघा," काका उलथनं वर करतात, "एका भावाने विमान दिलं, दुसऱ्याने खिमा. आणि आम्ही दोन्ही केलं!"

"खिमा तुम्ही नाही केला," काकू मागून म्हणतात. "तो खाटकाने केला आणि मी धुतला."

माझ्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी दाराखालून सरकवलेलं होतं. ए-फोर कागद, पेन्सिलीने आखलेली चौकट, उजव्या कोपऱ्यात नावाचा तक्ता. मधोमध एक वर्तुळ, पुढून दृश्य. शेजारी तेच वर्तुळ, वरून दृश्य. खाली परत तेच, बाजूने दृश्य. व्यास 38 मिमी, अधिक-उणे 2. खिमा 500 ग्रॅम, यंत्रातून दोनदा काढलेला. तांदूळ 100 ग्रॅम, इंद्रायणी, 20 मिनिटं भिजवून निथळलेला. कांदा 1, किसून, पिळून. मीठ 8 ग्रॅम. नग 22. तळाशी 'लाल तिखट : शून्य' आणि खाली दोन रेघा. तपासणाऱ्याची सही झालेली होती. मंजुरी देणाऱ्याची जागा रिकामी होती, तिथे काकूंची सही हवी होती. त्यांनी दिली नव्हती.

रविवार ठरला. तोही सहजासहजी ठरला नाही. सोमवार काकूंचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मधे एकादशी, पुढे चतुर्थी. मिग विमानाला उड्डाणासाठी लागत नसेल इतकं मोकळं आकाश या गोळ्यांना लागतं.

टोमॅटो सव्वा किलो लागणार होते. काकांनी पिंपळगावच्या बाजूला शेती करणाऱ्या भावाला फोन केला आणि 20 किलोचं अख्खं क्रेट आलं. "सव्वा किलो काय मागायचं भावाकडे? बरं दिसतं का?" पुढे आठवडाभर सगळी इमारत टोमॅटोचं सार पीत होती.

सकाळी दहाला काका कारखान्यातला निळा डगला चढवून ओट्यापाशी उभे राहिले. ते उभे राहतात, हे महत्त्वाचं. "अगं, ती लंगडी कुठंय?" "अहो, तुमच्या हाताखाली." "किसणी?" "तिच्याच आत." काकूंनी खिमा धुऊन चाळणीवर निथळत ठेवला होता, कांदा किसून पिळला होता, टोमॅटो उकडून सालं काढून मिक्सरमधून काढले होते, तांदूळ भिजवला होता. काकांनी घड्याळ बघितलं आणि जाहीर केलं, "चला, सुरुवात करू!"

आता त्यांची बाजूही सांगते, कारण एक काम ते खरोखर स्वतः करतात आणि झकास करतात. खिमा मळणं. परातीत खिमा, मीठ, कांदा, चिमूटभर मिरपूड आणि तांदूळ घेऊन ते तळहाताच्या उशीने तो रगडतात, घडी घालतात, पुन्हा रगडतात. पाच-सात मिनिटांनी खिम्याचा सुटेपणा जातो आणि तो परातीला तारा सोडत चिकटायला लागतो. मिठाने मांसातलं चिकट द्रव्य बाहेर येतं, तोच या गोळ्याचा गोंद. अंडं नको, पाव नको, बेसन तर नकोच नको. मग ते चिमूटभर मिश्रण तळहाताला लावून हात उलटा करतात. पडलं नाही तर पास. डाव्या मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलेलं, तिथली त्वचा पांढरी, बोटांच्या पेरांत खिमा, आणि चेहरा असा, की या माणसाला आत्ता कोणी हाक मारू नये. त्या पाच मिनिटांत ते 'सोपं' हा शब्द एकदाही उच्चारत नाहीत.

वळायला पोरं. हे या पदार्थाचं मर्म आहे आणि ते काकांना मॉस्कोत कोणी शिकवलेलं नाही. सोसायटीतली सात-आठ पोरं हात धुऊन, नखं तपासून घेऊन जमिनीवर पंगतीत बसतात. पाण्याची वाटी मधे, हात ओले करायला. आणि काकांच्या हातात पत्र्याची एक तबकडी, तिला दोन भोकं. एक 40 मिलिमीटरचं, दुसरं 36चं. गोळा पहिल्यातून आरपार गेला पाहिजे आणि दुसऱ्यात अडला पाहिजे. दोन्हीतून गेला तर बारका, पहिल्यातच अडला तर जाडा. दोन्ही नापास, परत परातीत. कारखान्यात याला गो-नोगो गेज म्हणतात; विमानाचा खिळा याच न्यायाने पास होतो.

आमच्या धाकट्याचा पहिला गोळा नापास झाला. दुसरा झाला. तिसरा पास झाला, तेव्हा त्याने जी आरोळी ठोकली ती खालच्या वॉचमनने ऐकली. नापास होणारा प्रत्येक जण काहीतरी सबब सांगतो: खिमा चिकटतोय, तांदूळ टोचतोय, पाणी संपलं. काकांचं उत्तर ठरलेलं. "मटेरियलला दोष द्यायचा नाही. मटेरियल तपासून दिलंय. दोष वळणाऱ्याचा." पास झालेला गोळा ताटात ठेवायचा आणि वहीत नोंद: अनुक्रमांक, वळणाऱ्याचं नाव, वेळ. मग त्याच क्रमाने, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, पातेल्यात. कोणता गोळा कोणाचा हे शिजल्यावरही सांगता आलं पाहिजे. पोरं स्वतःचा नंबर पाठ करून ठेवतात. सतराचा पाढा येत नाही, पण आपला गोळा सतरावा हे झोपेतही सांगतील.

रश्श्याचं खातं काकूंचं, आणि तिथे ड्रॉइंगला कोणी विचारत नाही. कागदावर लिहिलंय: टोमॅटो, मीठ, तेल, तमालपत्र. काकू गाजर किसून परततात, कारण नुसता टोमॅटो पोरांना आंबट लागतो. त्यावर गुळाचा खडा टाकतात. दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. टोमॅटोच्या आंबटात कच्चा तांदूळ लवकर शिजत नाही, बाहेरून मऊ आणि मधे कणी राहते. पहिल्या खेपेला तसंच झालं होतं म्हणे, आणि काकांनी इंद्रायणीची जात बदलली असेल असा निष्कर्ष काढला होता. तेव्हापासून काकू भिजवलेला तांदूळ काका आंघोळीला गेले की पाच मिनिटं उकळून निथळतात आणि पुन्हा त्याच वाडग्यात ठेवतात. रस्सा मुद्दाम पातळ ठेवतात, पाणी उकळतं घालतात, कारण तांदूळ पाणी पिणारच. काका दर वेळी झाकण काढून बघतात आणि म्हणतात, "बघ, भिजवायची वेळ बरोबर 20 मिनिटं धरली की कसा शिजतो!" काकू म्हणतात, "हो ना." मला त्यांनी हे सांगितलं तेव्हा वर शपथ घातली होती. पण काका मराठी वाचताना आधी छपाईचे दोष शोधतात, मजकुरापर्यंत सहसा पोचत नाहीत, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

एक उकळी फुटली की आच बारीक, झाकण घट्ट, 40 मिनिटं. मधे डाव घालायचा नाही, घातला की गोळा फुटतो. पातेल्याचे दोन्ही कान धरून नुसतं गोल हलवायचं. या 40 मिनिटांत पोरांना अंगणात हाकलावं हे कोणालाही सुचेल. काका त्यांना झाकणापाशी बसवून ठेवतात आणि मिकोयान बंधू सुरू करतात.

त्या दिवशी आमच्या धाकट्याने स्वतःचे तिन्ही गोळे खाल्ले, आत कांदा होता, गाजर होतं, मांस होतं, आणि वर थोडं साईचं दही होतं. मी घरी तेच साहित्य, तेच माप, तोच रस्सा करून बघितला. त्याने गोळा चमच्याने फिरवला आणि विचारलं, "हा पास झालाय का?" आता गेजसाठी मीही पत्रा शोधतेय.

गेल्या वर्षी मात्र काकांवर पेच आला. मिग-21 हवाई दलातून निवृत्त होणार, समारंभ चंदीगडला, तारीख 26 सप्टेंबर 2025. हे विमान 1963 पासून सेवेत. काकांनी ठरवून टाकलं, की त्या दिवशी सगळ्या सोसायटीला काटेगोळे. "निरोप द्यायला नको? त्यात काय अवघड आहे?"

"घट बसलेत," काकू म्हणाल्या.

नवरात्राचा शुक्रवार होता तो. घरात माळा चढत होत्या, अंड्याचं कवचसुद्धा उंबऱ्याच्या आत येणार नव्हतं. काकांनी दुधीचा, मग पनीरचा पर्याय कागदावर मांडून बघितला आणि स्वतःच खोडला. मिकोयानच्या नावाने दुधी? टीव्हीवर विमानांची शेवटची भरारी बघताना त्यांच्या मांडीवर उपवासाच्या चिवड्याची वाटी होती. चिवडा तसाच राहिला. बातम्या संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "दसरा होऊ दे."

दसऱ्यानंतरच्या रविवारी दुप्पट माप घेतलं. पोरं दुप्पट आली. जेवताना खालच्या मजल्यावरच्या एका चुणचुणीत कार्टीने भरल्या तोंडाने विचारलंच, "काका, ती विमानं सारखी पडायची ना?"

आम्ही मोठी माणसं आपापल्या ताटात बघायला लागलो. काका मात्र रागावले नाहीत. त्यांनी चमचा घेतला. त्रिकोणी पंख लहान, म्हणून विमान हळू उडवलं की तरंगत नाही, म्हणून उतरताना वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे ठेवावा लागतो, इंजिन एकच, ते बंद पडलं तर दुसरं नाही, शिकाऊ पोरांच्या हाती थेट ते देणं बरं नव्हे, आणि जे विमान थोड्या वर्षांसाठी केलं ते इतकी वर्षं कसं पुरवायचं, हे त्यांनी चमचा खाली आणत आणत इतकं तपशिलात सांगितलं, की चमचा नको तेवढ्या वेगाने रश्श्यात उतरला आणि काकूंच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर, माझ्या ओढणीवर आणि विचारणारीच्या नाकावर टोमॅटो उडाला. ती खूश झाली. उत्तर मिळालं होतं.

त्याच धांदलीत कोणाच्या तरी लक्षात आलं, की पातेल्यात एक गोळा फुटलेला आहे. उभा चिरून दोन तुकडे, शितं बाहेर. काकांनी चमचा ठेवला, चष्मा वर केला. आजवर एकही गोळा फुटला नव्हता. पोरं चिडीचूप. काकांनी पातेल्याच्या कानापासून काट्याच्या दिशेने मोजत यायला सुरुवात केली आणि सतरावर थांबले.

"सतरा. वही आण गं. कोणी वळलाय हा? आधीच सांगतो, खिमा ओला होता वगैरे ऐकून घेणार नाही."

काकूंनी पदराला हात पुसले, वही उघडली, बोट खाली खाली नेलं आणि चष्म्याशिवायही नीट वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरातलं नाव मोठ्याने वाचलं. खाली वेळ होती, त्यापुढे काकांची सही होती, आणि तपासणाऱ्याच्या रकान्यातही तीच सही होती.

काकांनी वही घेतली. पट्टी लावून ओळ पुन्हा बघितली. मग परातीतल्या उरलेल्या खिम्यात बोट बुडवून ते अंगठ्यावर घासलं.

"खिमा," ते म्हणाले, "आज जरा ओलाच होता."